रहस्यकथेचे बक्षीस



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी आम्हाला लक्ष्मी रस्त्यावर गाठले आणि विचारले, "काय हो, व्याख्यानमालेत आता खुनांवर बोलणार म्हणे?" आम्ही म्हटले, "खुनांवर नव्हे, बक्षिसांवर." "मग तर ते अधिकच धोक्याचे!" असे म्हणून ते मंडईकडे वळले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. खुनाची चर्चा चार माणसांत निर्धास्तपणे करता येते. वाङ्मयीन बक्षिसांची चर्चा करताना मात्र आजूबाजूला कोण बसले आहे ते पाहून घ्यावे लागते.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक खाजगी कारण आहे. ते आम्ही शेवटी सांगणार आहोत. रहस्यकथेवर बोलणाऱ्याने एवढी सवलत घेतली तर आपण ती नाकारणार नाही अशी आशा आहे.

प्रथम बक्षिसाविषयी. पुण्याला बक्षिसाची परंपरा नवी नाही. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेले तरी इंग्रजांनी ती प्रथा काही काळ, हात आखडता घेऊन का होईना, चालू ठेवली. पुढे १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या काही तरुण मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशांपैकी काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणारांस द्यावा. गावात मोठा गहजब झाला. शास्त्रीमंडळी संतापली. परंतु लवकरच दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी ग्रंथाला, तो लिहिणाराची जात वा पाठांतर न पाहता, रोख बक्षीस मिळू लागले. त्या काळी मराठी गद्याची प्रतिष्ठा काय होती? संस्कृत जाणणाऱ्यांच्या लेखी ती बायकापोरांची भाषा. म्हणजे जे अजून प्रतिष्ठित झालेले नाही, त्याला प्रतिष्ठा येण्याआधी हात देणे हा त्या बक्षिसाचा हेतू होता. त्याला त्या वेळचा शब्द 'उत्तेजन'. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने जी व्याख्यानमाला सुरू झाली आणि जिच्यात आज आम्ही उभे आहोत, ती चालवणाऱ्या सभेच्या नावातही 'उत्तेजक' हा शब्द आहेच. आज आपण 'पुरस्कार' म्हणतो, आणि जो आधीच पुढे आला आहे त्यालाच आणखी पुढे करतो. 'उत्तेजनार्थ' हा शब्द आता तिसऱ्या क्रमांकाच्याही खाली, ज्यांचे काय करावे ते कळत नाही त्यांच्यासाठी उरला आहे.

आता रहस्यकथा. आपल्यापैकी ज्यांचे बालपण वाचनालयांत गेले त्यांना हे सांगायला नको की, कपाटातली कोणती पुस्तके कोरी करकरीत असत आणि कोणत्यांची पाठ शिवून शिवून जाड झालेली असे. बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके दुसऱ्या प्रकारची. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली वारलेल्या या गृहस्थांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय, त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड यांनी मराठी मुलखातल्या किती माणसांना वाचनाची गोडी लावली याची गणती कोणी केलेली नाही. पाळणाघरात वाढलेले मूल आईला विसरते तसे आपण हे विसरलो. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर पुस्तके लिहिली. आमच्या पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, अमर विश्वास असे नायक उभे केले. शिरवळकर २००३ साली गेले. आज त्यांचे नाव निघते ते बहुधा 'दुनियादारी'मुळे. आणि ती रहस्यकथा नव्हे.

हीच गंमत आम्हाला एका परप्रांतीय पुणेकराच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. शरदिंदु बंद्योपाध्याय हे बंगालीतील थोर कथाकार. ब्योमकेश बक्षी हा सत्यान्वेषी त्यांचा. दूरदर्शनवर १९९३ साली बासू चटर्जींनी तो घरोघर पोचवला. शरदिंदुबाबू सिनेमाच्या कथा लिहिण्यासाठी १९३८ साली मुंबईस आले, आणि १९५२ साली तो व्यवसाय सोडून पुण्यात येऊन राहिले. ब्योमकेशला त्यांनी पंधरा वर्षे बाजूला ठेवले होते. तो पुन्हा हाती घेतल्यावरच्या बहुतेक कथा त्यांच्या या पुणेरी वास्तव्यातल्या आहेत. कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरचे खून पुण्याच्या कोरड्या हवेत बसून उलगडले गेले, असे म्हणायला हरकत नाही. या गावाची हवा त्यांना लागलीही होती. शिवकालातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टी त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. १९७० साली ते वारले तेव्हा ब्योमकेशच्या बत्तीस कथा पूर्ण होत्या आणि तेहतिसावी अर्धी राहिली होती.

आता १९६७ साल पाहा. त्या वर्षी शरदिंदुबाबूंना बंगालचा मानाचा रवींद्र पुरस्कार मिळाला. कशासाठी? 'तुंगभद्रार तीरे' या विजयनगरच्या ऐतिहासिक कादंबरीसाठी. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी ब्योमकेशच्या 'चिडियाखाना' या कथेवर चित्रपट काढला. त्यासाठी दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक राय यांना मिळाले, आणि ब्योमकेशचे काम करणाऱ्या उत्तमकुमारांना अभिनयाचे मिळाले. त्यात त्यांच्या दुसऱ्या एका चित्रपटाचाही वाटा होता. म्हणजे रहस्यकथेचे बक्षीस दिग्दर्शकाला मिळाले, नटाला मिळाले. ज्याच्या डोक्यातून ती निघाली त्याला मात्र बक्षीस घेण्यासाठी विजयनगरला जावे लागले. 'तुंगभद्रार तीरे' वाईट आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. परंतु एकाच लेखकाच्या एका हाताला हार आणि दुसऱ्या हाताला टाळी, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर वाचकांनी जीव टाकला. संगीत नाटक अकादमीने त्यांना नाटककार म्हणून गौरवले आणि साहित्य अकादमीने बालसाहित्यकार म्हणून. गूढकथा पुन्हा मधल्या मध्ये राहिली.

यावर कोणी म्हणेल, "लोकांनी डोक्यावर घेतले, पैसे मिळाले, आणखी बक्षीस कशाला?" हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. लघुकथेच्या बाबतीत तो टिकत नाही. लोकांनी डोक्यावर घेतली ती रहस्यकादंबरी, खिशात मावणारी, महिन्याला एक-दोन याप्रमाणे निघणारी. छोटी रहस्यकथा ही निराळी वस्तू आहे. ती मासिकात येते, दिवाळी अंकात येते, आणि पुढच्या दिवाळीला रद्दीत जाते. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने आणि 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकाने तिला जागा दिली म्हणून ती जगली. तिच्यावर पोट कोणाचेच भरत नाही. आणि लिहायला ती अधिक कठीण. कादंबरीत खुणेची वस्तू गर्दीत लपवता येते: दहा माणसे, वीस खोल्या, मधूनच एक पाठलाग. दहा पानांच्या गोष्टीत माणसेच चार. वाचक चौघांवरही पहिल्या पानापासून डोळा ठेवून असतो. त्याच्या डोळ्यांदेखत ती वस्तू टेबलावर ठेवायची आणि तरी त्याला दिसू द्यायची नाही! हे ज्याला साधले त्याला भाषेवर हुकमत नाही असे कोण म्हणेल?

हा प्रकार जन्माला आला तोच मुळी छोट्या कथेच्या रूपाने. एडगर ॲलन पो याने १८४१ साली पॅरिसमधल्या दोन खुनांची कथा लिहिली, ती पहिली गुप्तहेरकथा मानतात. या पोची सारी हयात ओढगस्तीत गेली. १८४३ साली फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने कथास्पर्धा लावली, तीत त्याच्या 'द गोल्ड बग' या सांकेतिक लिपीच्या कथेला शंभर डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले आणि त्याची ती कथा देशभर वाचली गेली. पुढे शंभर वर्षांनी, १९४५ साली, अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांनी आपली संस्था काढली आणि बक्षिसाला त्याचेच नाव दिले. एडगर म्हणून ते ओळखले जाते आणि त्यात छोट्या कथेचा विभाग १९४८ पासून आहे. ज्याला स्पर्धेने हात दिला त्याच्याच नावाने पुढच्यांना हात. जपानात तर एका लेखकाने आपले टोपणनावच एडोगावा राम्पो असे घेतले. ते भरभर म्हणून पाहा, एडगर ॲलन पो ऐकू येईल. त्याने १९५४ साली आपल्या साठीच्या निमित्ताने स्वतःच्या पैशातून रहस्यलेखनासाठी पारितोषिक ठेवले. आपल्याकडे साठीला शाल आणि नारळ घ्यायची पद्धत आहे. हा गृहस्थ उलट देऊन मोकळा झाला.

एक स्पर्धा मात्र आम्हाला विशेष बोधप्रद वाटते. 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन' या मासिकाने छोट्या रहस्यकथांची पहिली स्पर्धा लावली, तिचा निकाल १९४६ मध्ये लागला. दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मिळाले विल्यम फॉकनर यांना. हेच ते फॉकनर, ज्यांना पुढे १९४९ सालचे नोबेल मिळाले. आणि पहिला कोण? मॅन्ली वेड वेलमन. हे नाव आपण ऐकलेले नसणार, आणि त्यात आपला दोष नाही. त्याच्या कथेचा नायक तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतला एक तरुण पोलीस आहे. खुनाचा तपास तो आपल्या लोकांच्या चालीरीती जाणून करतो. परीक्षकांनी नाव पाहिले नाही, कथा पाहिली. फॉकनरना राग आला असेल तर तो त्यांचा प्रश्न. मोठ्या नावाला दुसरा क्रमांक देण्याची हिंमत ज्या स्पर्धेत आहे तीच स्पर्धा.

अलीकडे गेल्या शतकाच्या अखेरीपासून 'डेरिंजर' नावाची बक्षिसे केवळ छोट्या रहस्यकथेसाठी दिली जातात. डेरिंजर म्हणजे मुठीत मावणारे छोटे पिस्तूल. त्यांनी कथांचे विभाग शब्दसंख्येवर पाडले आहेत: हजार शब्दांपर्यंत, चार हजारांपर्यंत, आठ हजारांपर्यंत, वीस हजारांपर्यंत. प्रथम आम्हाला हे शिंप्याच्या मापासारखे वाटले. नंतर ध्यानात आले की हजार शब्दांत फसवणे आणि आठ हजार शब्दांत फसवणे ही दोन निरनिराळी कसबे आहेत.

"हे सारे तिकडचे," असे आपण म्हणाल. तर मग आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा लावली होती. १९७४ साली तीत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. पहिले बक्षीस तिला मिळाले. मग कळले की जगताप म्हणून कोणी नाहीतच, ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून जयंत विष्णु नारळीकरांनी ते नाव घेतले होते. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली होती. केंब्रिज गाजवून आलेल्या, पद्मभूषण लाभलेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा केवळ कथा म्हणून पारखून घ्यावीशी वाटली! पुढे त्यांच्या विज्ञानकथांनी मराठीत काय केले ते आपण जाणता. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२५ च्या मे महिन्यात ते याच गावी निवर्तले. विज्ञानकथेला पोरखेळ म्हणणारे १९७४ सालीही कमी नव्हते. एका स्पर्धेने तिच्यासाठी दार किलकिले केले आणि आत कोण आले ते नंतर कळले. रहस्यकथेला असे दार कोठे आहे?

येथे दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा की, रहस्यकथेची निराळी पंगत मांडणे म्हणजे तिला मुख्य पंगतीतून उठवणे होय. कथा चांगली असेल तर ती कथा म्हणूनच बक्षीस घेईल. ऐकायला हे फार उदार वाटते. परंतु राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांकडे पाहा. लघुकथेसाठी दिवाकर कृष्णांच्या नावाचा पुरस्कार आहे आणि विनोदासाठी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा निराळा आहे. विनोदाला वेगळे पान वाढले म्हणून विनोदाचा अपमान झाला, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. रडवणाऱ्या आणि हसवणाऱ्या दोघांचीही सोय झाली. विचारात पाडणाऱ्याची तेवढी राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो रहस्यकथेच्या अभिमान्यांनी कबूल करावा हे बरे. मराठी रहस्यकथेतले पुष्कळसे धन उसने आहे. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला तेव्हापासून ही वहिवाट आहे. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला तो उघडपणे, होम्सच्या नावाने. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु लंडनचे धुके पुसून तेथे खंडाळ्याचे धुके घालायचे, आणि मूळ कर्त्याचे नाव त्या धुक्यातच हरवून टाकायचे, हा उद्योग पुष्कळांनी केला. चोरीच्या कथेत चोरीचा माल! त्यामुळे आपल्या रहस्यकथेत तळघरे आली, नाइट क्लब आले, मोटारींचे पाठलाग आले. आपला वाडा, आपला जिना, आपला भाऊबंदकीचा दावा आला नाही.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात या गावाने जोशी-अभ्यंकर खुनांचे दिवस पाहिले. आपल्यापैकी जे त्या वेळी जाणते होते त्यांना दिवेलागणीला ओस पडणारे रस्ते आठवत असतील. दार वाजले की आधी खिडकीतून पाहायचे, ओळखीच्या आवाजालाही नाव विचारायचे. खुनी कोणी काळा पहाड नव्हते. कॉलेजात जाणारी मुले होती. पुण्याच्या विश्वासावरच तो घाव होता. त्यावर वर्तमानपत्रे खपली, चित्रपटही निघाला. परंतु ओळखीच्या माणसाला दार उघडताना थबकणाऱ्या हाताची दहा पानी गोष्ट आम्हाला हवी होती, ती आमच्या वाचनात आली नाही. वेलमनने आपल्या कथेत जे केले ते करायला आपल्याकडे विषय नव्हता असे म्हणता येणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. या गावातल्या एखाद्या वाचनालयाने किंवा संस्थेने दरवर्षी छोट्या रहस्यकथेची स्पर्धा लावावी. कथा अप्रकाशित आणि स्वतंत्र हवी. रूपांतर असेल तर तसे लिहावे, त्याचा विचार निराळा होईल. शब्द चार हजारांच्या आत. नाव बंद लखोट्यात. परीक्षक तीन: एक लेखक, एक फौजदारी वकील आणि एक वाचनालयाचा जुना वर्गणीदार. या तिसऱ्याचा आमचा आग्रह आहे, कारण पाचव्या पानावर खुनी ओळखण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. प्रत्येक कथा दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात फसलो की नाही ते पाहावे, आणि दुसऱ्या वाचनात, शेवट ठाऊक असताना, ती पुन्हा वाचवते की नाही ते पाहावे. दुसऱ्या वाचनातही जी माणसे खरी वाटतील त्यांची कथा पहिली. बक्षीस समारंभात परीक्षकांनी शेवट सांगून टाकू नये एवढी मात्र हमी घ्यावी. आमच्या अनुभवाप्रमाणे परीक्षकांना भाषण आवरत नाही.

आता ते खाजगी कारण.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका गावी एका संस्थेने कथास्पर्धा घेतली होती. तिघा परीक्षकांत आम्ही एक होतो. आलेल्या कथांत एक अशी होती: वाड्यातली सारी माणसे मुंजीसाठी दोन दिवस परगावी जातात. परत येतात तो आजीच्या पाटल्या डब्यातून नाहीशा. आळ अर्थातच कामाच्या बाईवर येतो आणि तिला काढून टाकतात. महिनाअखेरीला धाकटी सून दुधाचा हिशेब करायला भिंतीवरचे कॅलेंडर काढते. रतीबाच्या खुणा मोजताना तिला दिसते की घर बंद होते त्यांपैकी एका दिवशीही दूध घेतल्याची रेघ आहे. ती रेघ रोज कोण मारतो हे तिला ठाऊक असते. सवयीच्या हाताने ती त्याही दिवशी मारली गेली होती. संध्याकाळी चहाबरोबर ती ते कॅलेंडर सासऱ्यांपुढे ठेवते आणि एवढेच विचारते, "मामंजी, सतरा तारखेचे दूध कोणी घेतले?" दुसऱ्या दिवशी सासरे टोपी घालून कामाच्या बाईच्या घरी जातात. तेथे गोष्ट संपते. पाटल्यांचे काय झाले हे लेखकाने सांगितलेच नाही, आणि वाचताना आम्ही ते विचारलेही नाही.

आमच्या दोघा सहपरीक्षकांनी ती कथा बाजूला ठेवली. एक म्हणाले, "छान आहे, पण शेवटी चोर शोधण्याचीच गोष्ट." दुसरे म्हणाले, "करमणूक झाली, वाङ्मयाचे काय?" आम्ही त्यावर बोलायला हवे होते. गाडीची वेळ झाली होती, बाकीच्या कथांवर एकमत होते, आणि एका रहस्यकथेसाठी भांडणे आम्हाला त्या वेळी शोभेसे वाटले नाही. आम्ही मान डोलावली. बक्षिसे तीन होती, उत्तेजनार्थ दोन. पाचांतही ती बसली नाही.

नियमाप्रमाणे बक्षीस मिळालेल्यांचेच लखोटे फोडले. बाकीचे चिकटवलेले तसेच गठ्ठ्यात बांधून संस्थेच्या कपाटात गेले. त्यामुळे ती कोणी लिहिली ते आम्हाला कळले नाही, आणि पुढे तशा हाताची दुसरी कथा आमच्या पाहण्यात आली नाही. एक मात्र आठवते. कथा पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली होती, आणि मागच्या बाजूला कुठल्याशा शाळेच्या वार्षिक परीक्षेतील भूगोलाची चक्रमुद्रित प्रश्नपत्रिका होती; इयत्ता सातवी, वेळ दोन तास. त्या गावात तेव्हा शाळा तीनच होत्या. आम्ही चौकशी केली नाही.